डूलॅली, देवळाली आणि डोक्याला ताप

गेल्या अंकात इंग्रजी शब्दांत लपून बसलेल्या आपल्याकडच्या गावांबद्दल ओझरतं लिहिलं होतं, त्यात डूलॅली हा शब्द फक्त एका ओळीत आला होता आणि पत्रं आली ती सगळी त्याच एका ओळीवर. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवतोय.

प्रश्न : माझी भाची इंग्लंडात लीड्सजवळच्या एका हॉस्पिटलात नर्स आहे. नाईट शिफ्ट संपत आली होती आणि तिथली सीनियर नर्स वैतागून म्हणाली, हा फोन आता अजून एकदा वाजला ना, तर मी डूलॅली होणार. भाचीला वाटलं डोलण्याबिलण्याचं काहीतरी असेल. मग त्या बाईंनीच सांगितलं की हा शब्द इंडियातल्या कुठल्याशा गावावरून आलाय. भाचीने शोधलं तर गाव निघालं देवळाली, म्हणजे आमचंच! माझं सगळं आयुष्य इथे कॅम्पात गेलं, आम्हाला कुणी कधी बोललं नाही. हे खरं आहे की व्हॉट्सॅपवरचं ज्ञान?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : शंभर टक्के खरं आहे, आणि तुमचीच देवळाली, राहुरीजवळची देवळाली प्रवरा नव्हे (तिकडच्या वाचकांनी आधीच कॉलर ताठ करू नये म्हणून सांगितलं).

डूलॅली होणे म्हणजे डोकं फिरणे, भंजाळणे, वेड लागायची पाळी येणे. उच्चार डू-लॅ-ली, जोर मधल्या लॅ वर. स्पेलिंग डी, डबल ओ, एल, ए, डबल एल, वाय. आता देवळालीचं डूलॅली कसं झालं ते तर आपल्याला सहज कळण्यासारखं आहे, कारण इंग्रजांकडे ळ नाही. रोमन लिपीत आपलं गाव देओलाली असं लिहिलं गेलं, आणि हिंदीवाले त्याला देवलाली म्हणतात. मग लंडन-लिव्हरपूलच्या गल्लीतल्या पोराने ते देओलाली आपल्या तोंडाने म्हटलं की डिओलाली, डूलाली, डूलॅली असं घसरत जाणारच. आपण नाही का लॉर्डचा लाट केला आणि हॉस्पिटलचं इस्पितळ केलं, तसंच ते.

पण खरी गंमत पुढे आहे. मूळ शब्द नुसता डूलॅली नव्हता, तो होता डूलॅली टॅप. आणि हा टॅप म्हणजे नळ नाही की टपली पण नाही, हा टॅप म्हणजे चक्क ताप! अंगात येतो तो. डिक्शनऱ्या त्याचं मूळ हिंदुस्थानीतल्या तप या शब्दात दाखवतात, तपेदिक म्हणजे क्षयरोग, त्यातला तप तोच, तो फारसीतून आलेला. आपला ताप संस्कृतातला. दोघं लांबचे चुलतभाऊ आहेत त्यामुळे भांडायचं कारण नाही. एकूण डूलॅली टॅप म्हणजे देवळालीचा ताप. छापील पुस्तकात हा शब्द १९२५ सालच्या सैनिकी बोलीच्या एका संग्रहात नोंदलेला सापडतो, पण गोऱ्या शिपायांच्या तोंडी तो त्याच्या बराच आधीपासून असणार, कारण असे शब्द आधी बराकीत जन्मतात आणि पुस्तकात फार उशिरा पोचतात. हळूहळू शेपूट गळून पडलं आणि नुसतं डूलॅली उरलं.

आता देवळालीचाच ताप का? देवळालीची हवा तर चांगली. मुंबईचे पारशी आणि गुजराती लोक पिढ्यानपिढ्या हवापालटाला तिथे येतायत, सॅनेटोरियमं बांधलीयत, बंगले बांधलेत. त्यामुळे उकाड्याने वेड लागलं वगैरे कुणी सांगितलं तर ऐकू नका. उकाड्याने वेड लागायचं असतं तर अख्खा विदर्भ डूलॅली झाला असता.

कारण होतं बोट. ब्रिटिश सैन्याची देवळालीची छावणी १८६०च्या दशकातली. १८६५ साली कसारा घाटातून रेल्वे वर चढली आणि घाट चढून गेल्यावर मोकळी जागा, बरी हवा आणि मुंबई बंदर रेल्वेने जवळ असं सगळं देवळालीत जुळून आलं. इंग्लंडातून नवीन आलेले शिपाई आधी इथे उतरवायचे आणि मग देशभर आपापल्या पलटणीकडे पाठवायचे, आणि ज्यांची नोकरीची मुदत संपली त्यांना देशभरातून इथे गोळा करायचं आणि बोट आली की मुंबईला नेऊन चढवायचं. मुदत संपलेल्या शिपायाला त्या काळी टाइम-एक्स्पायर्ड मॅन म्हणत, म्हणजे आपण औषधाच्या बाटलीबद्दल बोलतो तसंच.

तर हा एक्स्पायर झालेला शिपाई देवळालीला येऊन पडायचा. आणि बोटी वर्षभर नसायच्या. सैन्य नेणारी जहाजं साधारण थंडीच्या मोसमातच चालायची, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, कारण एक तर आपला पावसाळा आणि दुसरं म्हणजे उन्हाळ्यात तांबड्या समुद्रात माणसं कोंबून नेणं म्हणजे त्यांना भट्टीत घालणं. समजा एखाद्याची मुदत संपली आणि मोसमातली शेवटची बोट नुकतीच निघून गेली तर? तर बसा आता पुढच्या दिवाळीपर्यंत. सात-आठ वर्षं हिंदुस्थानात काढली, घरी कळवून टाकलंय की येतोय, ट्रंक भरून ठेवलीय, आणि आता महिनोन् महिने काही काम नाही, लढाई नाही, ज्या पलटणीत यारदोस्त होते ती पलटण राहिली लांब पंजाबात, आणि रोज सकाळी उठून तोच माळ बघायचा आणि तीच बराक.

अशा माणसाचं काय होतं ते सांगायला नको. त्या काळच्या शिपायांनी नंतर लिहिलेल्या आठवणींत आहे की ज्यांच्या कागदावर वर्षानुवर्षं एक डाग नव्हता अशी शहाणी माणसं देवळालीत येऊन बिघडायची. दारू, जुगार, मारामाऱ्या, बाजारात जाऊन नको ते रोग लावून घेणं. काहीजण तर बोटीऐवजी तुरुंगात जाऊन बसले. आणि काहीजण नुसतेच विचित्र वागायला लागायचे, एकटेच बोलायचे, कुठेतरी बघत बसायचे. त्यांच्याबद्दल बाकीचे म्हणायचे, याला देवळालीचा ताप भरलाय.

काही डिक्शनऱ्यांत एवढंच दिलेलं असतं की देवळालीला लष्करी दवाखाना होता म्हणून हा शब्द आला. दवाखाना होता हे बरोबर आहे, पण मला विचाराल तर दवाखान्यापेक्षा बोटीची गोष्ट जास्त पटते, कारण हा शब्द इंग्रजीत आजही ज्या अर्थाने वापरला जातो त्यात आजारापेक्षा वैताग जास्त आहे, ताटकळणं जास्त आहे. तुमच्या भाचीच्या सीनियरचंच बघा ना. ती आजारी नव्हती, तिची शिफ्ट संपत आली होती आणि संपत नव्हती. म्हणजे ती पण टाइम-एक्स्पायर्डच!

आणि मराठी माणसाला तर हे अजूनच लवकर कळायला हवं. आपल्याकडे ताप दोन प्रकारचा असतो, एक थर्मामीटरमध्ये दिसणारा आणि दुसरा "काय डोक्याला ताप आहे रे" मधला. डूलॅली टॅप हा दुसरा. शिपायांना आपल्या भाषेतला हा दुसरा अर्थ माहीत असेल असं काही मी म्हणत नाही, पण शब्द फिट बसलाय एवढं खरं.

तुमच्याकडे कुणी कधी बोललं नाही याचंही नवल नाही. गावाला मिळालेली अशी ख्याती गावात कोण सांगत बसणार. देवळालीला आज विचारलं तर लोक सांगतील तोफखान्याचं, १९४७ नंतर तोफखान्याचं स्कूल इथे आलं, रेंजवर फायरिंग असलं की घरातली भांडी वाजतात ते तुम्हाला माहीतच आहे, आणि शेजारचं भगूर म्हणजे सावरकरांचं जन्मगाव. डूलॅली इंग्लंडातच राहिला. तिकडे बीबीसीवर सत्तरच्या दशकात एक विनोदी मालिका लागायची, ती देवळालीच्याच छावणीत घडते, १९४५ सालची, त्यामुळे तिकडच्या म्हाताऱ्या माणसांना तुमचं गाव तुम्हाला वाटतं त्यापेक्षा जास्त माहीत आहे. फक्त ळ सोडून.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, क्लायंट यूकेचा. त्यांच्या कॉलवर हा शब्द दोनदा ऐकलाय. मी वापरला तर चालेल का? आणि वाक्यात कसा बसवायचा, क्रियापद कुठलं?
— एक वाचक, हिंजवडी

उत्तर : क्रियापद बहुतेक वेळा गो. आय विल गो डूलॅली. शी हॅज गॉन डूलॅली. नाहीतर नुसतं आहे म्हणायचं, ही इज अ बिट डूलॅली. हा अ बिट फार कामाचा आहे, तो लावला की शब्दाची धार जाते, आपण "जरासा चक्रम आहे" म्हणतो तसं. नामाच्या आधी सहसा लावत नाहीत, अ डूलॅली मॅन वगैरे कानाला विचित्र लागतं. वस्तूंनाही चालतो. प्रिंटर एकामागून एक कोरे कागद ओकायला लागला तर द प्रिंटर हॅज गॉन डूलॅली. तुमच्या सर्व्हरबद्दल पण म्हणू शकता, पण मग क्लायंट विचारेल का झाला, त्याचं उत्तर तयार ठेवा.

चालेल का, तर बोलण्यात चालेल, लिहिताना जपून. ई-मेलमध्ये, त्यातून ज्यात चार साहेब सीसीमध्ये आहेत अशा ई-मेलमध्ये नको. आणि स्वतःबद्दल म्हणा, दुसऱ्याबद्दल म्हणू नका, हा माझा साधा नियम. "टेस्टिंग रिपोर्टची वाट बघून मी डूलॅली व्हायला आलोय" यात कुणाला राग येत नाही आणि रिपोर्ट पण लवकर येतो. पण "तुमचे मॅनेजर डूलॅली झालेत का" म्हणालात तर पुढच्या अप्रेझलला मला पत्र लिहू नका. ज्याला खरोखर मानसिक आजार आहे किंवा म्हातारपणी विसर पडायला लागलाय अशा माणसाबद्दल तर अजिबातच नको, तिथे हा शब्द गमतीचा राहत नाही.

अजून एक, हा शब्द पक्का ब्रिटिश आहे. अमेरिकन क्लायंटपुढे म्हणालात तर बरेचदा समोरून नुसतं हं? येईल, मग तुम्हाला देवळालीपासून सगळं सांगत बसावं लागेल आणि कॉल अर्धा तास लांबेल. तिकडचा तिकडेच ठेवा.

प्रश्न : डूलॅलीचं कौतुक ठीक आहे, पण आम्ही ठाण्यात राहतो आणि आयुष्यभर ऐकतोय, "याला ठाण्याला पाठवा". सासर ठाण्याचं आहे म्हटलं की समोरचा हसलाच. नाशिकवाल्यांचा शब्द ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत आणि आमची मात्र नुसती चेष्टा, हा कुठला न्याय?
— एक वाचक, ठाणे पश्चिम

उत्तर : तुमच्या दुःखात पुणेकर सामील आहेत, त्यांच्याकडे "येरवड्याला भरती करा" आहे, आणि येरवड्याचं तर डबल आहे कारण तिथे जेलपण आहे, त्यामुळे वाक्य पूर्ण होईपर्यंत माणसाला कळत नाही आपल्याला नक्की कुठे पाठवतायत. कोकणात रत्नागिरीचं नाव घेतात. हिंदीवाले आग्रा आणि रांची. जिथे जिथे मनोरुग्णालय तिथल्या गावाला हे भोगावंच लागलंय.

लंडनपण सुटलेलं नाही. इंग्रजीत गोंधळ गडबडीला बेडलम म्हणतात, घरात दहा पोरं एकदम किंचाळतायत, टीव्ही चालूय, कुकरच्या शिट्ट्या होतायत, ते बेडलम. तो शब्द लंडनच्या बेथलेम नावाच्या हॉस्पिटलवरून आलाय. १२४७ साली मठ म्हणून सुरू झालं, पुढे वेड्यांचं हॉस्पिटल झालं, आणि लोकांच्या तोंडी बेथलेमचं बेडलम झालं. आता बेथलेम म्हणजे मुळात येशूचा जन्म झाला ते गाव! कुठून निघालेलं नाव कुठे जाऊन पडलं बघा. त्या मानाने ठाण्याचं बरंच चाललंय.

पण एक फरक आहे आणि मला तो महत्त्वाचा वाटतो. ठाणे, येरवडा, बेडलम, हे तिन्ही शब्द बाहेरच्या माणसाने बोट दाखवून केलेले आहेत, याला तिकडे पाठवा. डूलॅली तसा नाही, तो आत अडकलेल्यांनीच एकमेकांबद्दल केला, आज तुला ताप भरलाय, बोट नाही आली तर पुढच्या महिन्यात मला भरेल. म्हणून तो वापरताना इंग्रज अजूनही थोडा हसतो आणि थोडी माया करतो. ठाण्याला पाठवा मध्ये माया कुठेय.

मराठीत डूलॅलीला नेमका शब्द कुठला असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. स्क्रू ढिला नाही, तो कायमचा ढिला असतो. सटकली पण नाही, त्यात राग आहे, सटकलेला माणूस हाणतो. डोक्यावर परिणाम झालाय हे फार गंभीर, ते दार बंद करून बोलायचं. मला भंजाळणे सगळ्यात जवळचा वाटतो. सरकारी ऑफिसात एका सहीसाठी चौथ्यांदा गेलात, साहेब जेवायला गेलेत, तीन वाजता या, तीन वाजता गेलात तर साहेब मीटिंगला गेलेत, आणि बाकावर बसून बसून समोरच्या पंख्याची पाती मोजायला लागलात आणि ती कधी तीन येतायत कधी चार, त्या वेळी जे होतं ते भंजाळणं. देवळालीच्या शिपायाला मराठी येत असतं तर तो हेच म्हणाला असता.

प्रश्न : पुण्या-मुंबईत डूलॅली नावाची बिअर मिळते, त्याचा याच्याशी काही संबंध?
— एक वाचक, कोथरूड (नाव छापू नका, घरी अंक येतो)

उत्तर : आहे. ही ताजी बिअर गाळणारी कंपनी २००९ साली पुण्यात सुरू झाली, आणि बिअर मिळते त्या जागांना ते टॅपरूम म्हणतात. म्हणजे डूलॅली टॅप परत आला, फक्त या वेळी टॅप म्हणजे खरंच तोटी! नाव ज्याने ठेवलं त्याला मानलं पाहिजे. नाव छापलेलं नाही, निश्चिंत असा.

प्रश्न : या गोऱ्या शिपायांनी आपल्याकडून अजून कुठले शब्द नेले? बंगला, शांपू, लूट ते नकोत, ते सगळ्यांना माहीत आहेत.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : बराकीतलेच सांगतो मग. आरामाच्या नोकरीला इंग्रजीत कुशी जॉब म्हणतात, तो आपल्या खुशीवरून आलाय असं बहुतेक डिक्शनऱ्या मानतात. जरा बघ म्हणायला डेको, हॅव अ डेको, तो देखो. चिठ्ठीचं चिट झालं. शिपायांचे नसलेले पण खास आपले दोन, मुंगसाचं माँगूस आणि मुंबईच्या डोंगरीत मिळणाऱ्या जाड्याभरड्या कापडावरून डंगरी. मुंगूस तर थेट मराठीतून गेलंय, हे शाळेत कुणी सांगितलं असतं तर इंग्रजीची भीती जरा कमी वाटली असती.

पण माझा सगळ्यात आवडता ब्लायटी. ब्रिटिश माणूस लांब परदेशात असला आणि त्याला घरची आठवण आली की तो इंग्लंडला ब्लायटी म्हणतो. पहिल्या महायुद्धात तर हा शब्द सगळ्या सैन्याच्या तोंडी होता, खंदकात अशी जखम झाली की जीव जाणार नाही पण घरी मात्र पाठवतील, तर त्या जखमेला ब्लायटी वन म्हणायचे आणि बाकीचे त्या माणसाचा हेवा करायचे. हा ब्लायटी म्हणजे विलायती. उत्तरेकडे बिलायती म्हणतात, त्याचं ब्लायटी. आता विलायती म्हणजे आपल्या दृष्टीने काय, तर परकं, बाहेरून आलेलं. विलायती चिंच, विलायती माल, विलायती कपडे. म्हणजे देवळालीच्या बराकीत ट्रंक बांधून बसलेला तो पोरगा ज्या गावाच्या आठवणीने भंजाळला होता त्या गावाला, स्वतःच्या आईच्या घराला, तो परदेश म्हणत होता, आपल्या शब्दात, आणि बोट काही येत नव्हती.